तासाभराचा उच्चवर्ग

जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये जळगावच्याच कन्या, तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तेथे नियमित प्रवासी विमान आले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली एअर डेक्कनचे विमान मुंबईहून आले; ती सेवा अल्पायुषी ठरली. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही टिकली नाही. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर या कंपन्यांनी उड्डाणे सुरू केली. कंपन्या बदलल्या, मार्ग बदलले, वेळापत्रके बदलली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. या विमानांत वर्ग एकच होता. सराफ बाजारातील पेढीवाला, रावेरचा केळीचा व्यापारी, पुण्याला शिकणारी मुलगी आणि हैदराबादच्या रुग्णालयात निघालेला रुग्ण हे सारे सारख्याच रुंदीच्या खुर्चीवर बसले. ही समता कोणी तत्त्व म्हणून आणलेली नव्हती. विमान लहान होते, एवढेच तिचे कारण.

खानदेशातील प्रवाशाला वर्गभेदाचे विमानी रूप दिसते ते मुंबईला पोहोचून दिल्लीचे विमान पकडताना. पुढच्या मोजक्या रांगांतील मंडळी आधीच स्थानापन्न झालेली असतात. त्यांच्या हातात पेय आलेले असते. उरलेले सारे प्रवासी पिशव्या सावरीत त्यांच्या शेजारून, अरुंद वाटेने, मागे जात असतात. उड्डाण झाले की एक पडदा ओढला जातो. त्या पडद्याच्या अलीकडे दोहो बाजूंना दोन-दोन खुर्च्या, पलीकडे तीन-तीन. विमान तेच, वैमानिक तेच, इंधन तेच, ढगही तेच. फरक पडद्याचा.

हे खूळ आता ओसरत चालले आहे, असे कोणास वाटत असेल तर तो भ्रम होय. २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगो कंपनीने अठरा वर्षे देशांतर्गत विमानांत एकच वर्ग ठेवला आणि त्या एकवर्गी साधेपणावरच देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी होण्यापर्यंत मजल मारली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिनेही दिल्ली–मुंबई मार्गावर वरचा वर्ग आणला. विमानातील २२० आसनांपैकी १२ आसने पुढच्या मंडळींसाठी राखली गेली आणि त्यांचे एका बाजूचे भाडे १८,०१८ रुपयांपासून पुढे असेल, असे जाहीर झाले. हा प्रवास जेमतेम दोन तासांचा. एअर इंडियाच्या नव्याने सजविलेल्या मध्यम आकाराच्या विमानांत तर १६४ आसनांमध्ये तीन वर्ग आहेत: पुढे ८, मध्ये २४ आणि मागे १३२. वर्णव्यवस्थेच्या देशात उतरंडीला पायऱ्या कमी पडल्या तर नवल!

हा रोग केवळ भारताचा नाही. कॅनडातील टोरांटो आणि मॉन्ट्रियल या शहरांमध्ये सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर आहे आणि विमानाला तेथे तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. जळगावहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर आहे. म्हणजे हा टप्पा खानदेशच्या माणसाला समजण्यासारखाच. कॅनडातील अशा जवळच्या उड्डाणांसाठी जी ७६ आसनांची लहान जेट विमाने वापरली जातात, त्यांतही १२ आसने बिझनेस क्लासची असतात. युरोपात तर याहून मौज आहे. तेथील अनेक कंपन्या जवळच्या उड्डाणांत वेगळी खुर्चीही देत नाहीत. खुर्ची तीच, केवळ मधले आसन रिकामे ठेवतात आणि पडदा मागे-पुढे सरकवितात. जितकी तिकिटे खपली तितका उच्चवर्ग लांब. वर्ग ही माणसाने आखलेली सरकती रेषा आहे, हे समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

रात्रभराच्या समुद्रापलीकडच्या प्रवासात पाय पसरून निजण्याची जागा मिळणे हे सुख आहे, हे मान्य करता येईल. परंतु तासा-दीड तासाच्या प्रवासात विकत घेतले जाते ते नेमके काय? विमान वर चढते आणि खाली उतरते, त्यातच निम्मा वेळ जातो. सपाट उड्डाणाचा काळ अर्धा तास, पाऊण तास. तेवढ्यात गरम रुमाल, काचेचा पेला आणि चिनी मातीची बशी येते व जाते. पुढचा प्रवासी मागच्यापेक्षा एक क्षणही आधी दिल्लीला पोहोचत नाही. मग हजारो रुपयांच्या फरकाचा मोबदला कोणता? मोबदला एवढाच की, मागच्या अडचणीतून सुटका झाली आणि ती सुटका झाल्याचे मागच्यांनी येता-जाता पाहिले.

ज्यूल द्यूपुई या फ्रेंच अभियंत्याने आणि अर्थशास्त्रज्ञाने १८४९ मध्येच या प्रकाराचे मर्म ओळखले होते. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छत नसे आणि बाके उघडी लाकडी असत, त्या काळची ही गोष्ट. छताला आणि गादीला फार पैसे लागतात म्हणून कंपन्या ती घालीत नाहीत, हे स्पष्टीकरण त्याने नाकारले. गरिबांना छळण्याचाही कंपन्यांचा हेतू नव्हता. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, यासाठी तिसरा वर्ग पुरेसा वाईट ठेवणे त्यांना भाग होते. थोडक्यात, श्रीमंताला भीती घालण्यासाठी गरिबाला थंडीत बसविले जात होते.

बिझनेस क्लासचे सारे अर्थशास्त्र या एका निरीक्षणात आहे. अल्प अंतराच्या प्रवासात वरच्या वर्गाला विकण्याजोगे सुख फारसे नसते. म्हणून तेथे खालच्या वर्गाची गैरसोय विकली जाते. मागच्या खुर्चीत गुडघे मोकळे राहिले, मुलाशेजारी आईला बसण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत, पाण्याबरोबर चार घास मिळाले, तर पुढची खुर्ची घेणार कोण? मागच्यांचे गुडघे अवघडणे ही व्यवस्थेतील चूक नाही. ती पुढच्या मालाची जाहिरात आहे.

याच्या नेमका उलटा प्रयोग या देशात एका समाजवादी मंत्र्याने करून दाखविला, हे विसरले जाऊ नये. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर गांधीजींनी १९१७ मध्ये लिहिले. तो वर्ग कागदावरून जाण्यास १९७४ उजाडले, आणि गेले ते केवळ नाव; लाकडी फळ्या तशाच राहिल्या. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनिकांच्या फळ्यांवर दोन इंची फोमची गादी घालण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाला खाली ओढणे हा आपला उद्देश नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलणे हा आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोन इंचांची ती गादी म्हणजे द्यूपुईने वर्णिलेल्या धंद्यावरचा अचूक घाव होता. खालचा वर्ग सुसह्य झाला की वरच्या वर्गात पळण्याचे कारण आपोआप विरघळते.

त्याच दंडवत्यांच्या कारकिर्दीत, डिसेंबर १९७७ मध्ये, मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. सर्व डबे एकाच वर्गाचे. ही वर्गविहीन गाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ओलांडून, म्हणजे खानदेशच्या अंगणातूनच धावत होती. पुढे तिला वातानुकूलित डबे जोडले गेले आणि तिचे वेगळेपण संपले. आज त्याच लोहमार्गावर विमानाची नक्कल करणाऱ्या गाड्या आल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी–पुणे वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. ती भुसावळला आणि जळगावला थांबते. तिच्यात चेअर कार आणि एक्झिक्युटिव्ह चेअर कार अशा दोनच श्रेण्या आहेत. बिनआरक्षित डबा नाही. जमिनीवरून धावणाऱ्या गाडीलाही आता पडदा आहे, आणि पडद्यामागच्यांना तर गाडीतच जागा नाही.

पडद्यामागे काय असते, हे जळगाव जिल्ह्याने २२ जानेवारी २०२५ रोजी पाहिले. लखनौहून मुंबईकडे जाणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसच्या सर्वसाधारण डब्यात पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली. घाबरलेले प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावर आले. त्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसने किमान बारा जणांचा बळी घेतला. पोटासाठी मुंबईकडे निघालेली ही माणसे. त्यांत नेपाळमधून आलेलेही होते. विमानात प्रत्येक उड्डाणापूर्वी दारे कोठे आहेत आणि संकटसमयी काय करावे, हे हातवारे करून सांगितले जाते. पुढच्या बारा जणांच्या सरबराईला स्वतंत्र परिचारिका असते. खच्चून भरलेल्या सर्वसाधारण डब्यात 'आग नाही, उतरू नका, त्या बाजूला रूळ आहे' एवढे तीन वाक्यांचे सत्य सांगणारा एकही माणूस नेमलेला नसतो. अफवेला बळी पडलेल्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांना माहितीही न देणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणावे, हा प्रश्न अवघड वाटतो, कारण त्याचे उत्तर ज्यांनी द्यावयाचे ते त्या डब्यात कधी बसत नाहीत.

बिझनेस क्लासचा खरा दोष येथे आहे. एखाद्याने रुंद खुर्चीवर बसावे, यात समाजाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते निर्णय घेणारा वर्ग सामायिक वाहनातून उठून गेल्याने. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या काळात साक्री, शिरपूर, चोपडा, यावल येथील विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालय कसे गाठले, बाजारहाट कसा झाला, गरोदर स्त्रीने जिल्हा रुग्णालय कसे गाठले, याची झळ लागली ती लाल गाडीवाचून ज्यांचे अडते त्यांना. मंत्र्यांची आणि सचिवांची एसटी चुकली असती, तर तो संप इतके महिने चालता ना.

"पण तो स्वतःच्या पैशाने बसतो ना?" हा युक्तिवाद ठरलेला आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या प्रवासभत्ता नियमांनी वेतनस्तर १४ आणि त्यावरील अधिकाऱ्यांना विमानाचा बिझनेस क्लास दिला आहे. ते पैसे सरकारी तिजोरीचे. खाजगी कंपनीचा अधिकारी कामासाठी जातो तेव्हा तिकीट कंपनी काढते, ते खर्चात दाखविते आणि तेवढ्या नफ्यावरचा आयकर वाचविते. तिकिटावर भरलेला वस्तू व सेवा करही कंपनीला आपल्या देय करातून वळता करून घेता येतो. म्हणजे पुढच्या खुर्चीच्या भाड्याचा एक हिस्सा मागे बसलेलेच नव्हे, तर विमानात कधीही न बसलेलेही उचलतात. स्वतःच्या खिशातून पैसे मोजणारा हौशी प्रवासी असतो. पण बिझनेस क्लास हे नावच सांगते की हा वर्ग कोणासाठी, कोणाच्या पैशावर उभारलेला आहे.

करांची गोष्ट निघालीच आहे तर तीही पुरी करावी. १ जुलै २०१७ पासून विमानाच्या साध्या वर्गावर ५ टक्के आणि बिझनेस क्लासवर १२ टक्के कर होता. एसटीच्या लाल गाडीच्या भाड्यातून महाराष्ट्र सरकार वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर वसूल करीत आले. धुळ्याहून साक्रीला जाणारी शेतमजूर बाई आणि मुंबईहून दिल्लीला काचेच्या पेल्यातून रस घेत जाणारा कंपनीचा संचालक, या दोघांत कराचा दर अधिक होता तो बाईला! आठ वर्षे हे असेच चालले. सप्टेंबर २०२५ मध्ये बिझनेस क्लासवरचा कर १८ टक्के करण्यात आला, तेव्हा 'श्रीमंतांवर बोजा' अशी कुजबुज झाली. तो बोजा लाल गाडीच्या बोजाहून अवघा अर्धा टक्का अधिक होता. स्त्रियांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली, हे स्वागतार्हच. पण सवलत देणाऱ्या हातानेच कर घ्यावयाचा आणि महामंडळ तोट्यात म्हणून जानेवारी २०२५ मध्ये सुमारे पंधरा टक्के भाडेवाढ करावयाची, हा हिशेब कोणत्या न्यायाचा?

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. पुढचे जास्त भरतात म्हणून मागच्यांना तिकीट स्वस्त पडते, असे सांगितले जाते. यात तथ्याचा अंश आहे. परंतु जळगावला आलेल्या विमानांना पुढचा वर्गच नव्हता. तेथे निम्म्या आसनांचे भाडे मर्यादेत राहावे म्हणून जी भरपाई दिली जाते, ती मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर बसविलेल्या आकारातून आणि राज्य सरकारच्या वीस टक्के वाट्यातून येते. म्हणजे मागच्यांचे भाडे कमी ठेवण्यासाठी पुढचा वर्ग अपरिहार्य नाही. हे काम सार्वजनिक निधीने उघडपणे, पडद्याशिवाय, करता येते. त्या योजनेचे अपयशही झाकण्याचे कारण नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही, आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. दोन कंपन्या येऊन गेल्याचे जळगावने पाहिलेच आहे. पण हे अपयश एकवर्गी विमानाचे नाही. सेवा खाजगी कंपनीच्या सोयीवर सोपविल्याचे ते फळ आहे.

तिसरा युक्तिवाद सहानुभूतीचा आहे. वृद्धांना, आजाऱ्यांना, अपंगांना मोकळी जागा नको का? अवश्य हवी. पण ती गरजेवर द्यावयाची की पाकिटावर? एसटीच्या खिडक्यांवर रंगविलेल्या अक्षरांकडे पाहावे: अपंगांसाठी राखीव, महिलांसाठी राखीव, ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव. खडखडणाऱ्या त्या गाडीत पुढची जागा कोणाला, हे शरीराची गरज ठरविते. चकचकीत विमानात ते बँकेतील शिल्लक ठरविते. गुडघ्याचे दुखणे घेऊन निघालेली म्हातारी मागे आणि धडधाकट तरुण व्यवस्थापक पुढे, ही रचना पाहिल्यावर या दोन वाहनांपैकी सुसंस्कृत कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इंग्रजीत विमानाच्या मागच्या भागाला 'गुरांचा वर्ग' म्हणण्याची प्रथा आहे. सप्टेंबर २००९ मध्ये काटकसर म्हणून मंत्र्यांनी साध्या वर्गातून प्रवास करावा असे ठरले, तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी एका प्रश्नाला उत्तर देताना प्रश्नकर्त्याचाच तो शब्द उच्चारला आणि गदारोळ झाला. त्यांनी खेदही व्यक्त केला. शब्द मागे घेतला गेला. खुर्च्या मात्र होत्या तेथेच राहिल्या, आणि काटकसरीचा तो हंगामही लवकरच ओसरला. खानदेशच्या शेतकऱ्याला तर ही उपमाच कळणार नाही. तो पोळ्याला बैलाची खांदेमळणी करतो, त्याला पुरणपोळी भरवितो. गुराला अडचणीत कोंडावे आणि मग त्या अडचणीची भीती दाखवून दुसऱ्याला जागा विकावी, हा व्यवहार त्याच्या गोठ्यात नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणासाठी कोणत्याही मंत्र्याला, अधिकाऱ्याला वा सार्वजनिक उद्योगाच्या संचालकाला सरकारी पैशाने वरच्या वर्गाचे तिकीट मिळू नये. वैद्यकीय कारण असेल तर अपवाद करावा. अशा तिकिटाचा साध्या भाड्यावरचा जादा खर्च कंपन्यांना आयकराच्या हिशेबात वजा करू देऊ नये आणि त्यावरचा कर वळता करून घेण्याची मुभाही असू नये. सार्वजनिक अर्थसाहाय्य घेणारे प्रत्येक विमान जळगावच्या विमानांसारखे एकवर्गीच राहावे. एसटीच्या प्रवाशावरील कराचा दर विमानाच्या साध्या वर्गावरील दरापेक्षा अधिक असता कामा नये. लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत बिनआरक्षित डबे असावेत आणि त्या डब्यांत सूचना देणारी यंत्रणा व माणूस असावा. हे अशक्य आहे, असे कोणी सांगू नये. रेल्वेने अडीच तासांत पोहोचता येत असेल तेथे देशांतर्गत विमान उडू द्यावयाचे नाही, असा नियम फ्रान्सने मे २०२३ मध्ये अमलात आणला. त्याचा परिणाम मोजक्याच मार्गांवर झाला. पण विमानाची खिडकी ही राज्यसत्तेच्या हद्दीबाहेर नाही, हे सिद्ध झाले.

धुळ्याजवळ गोंदूरला एक धावपट्टी आहे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना तेथे शिकविले गेले. खानदेशच्या आकाशात उडण्यास शिकलेली मुले पुढे मोठ्या विमानांची वैमानिक होतात आणि त्यांच्या पाठीमागे पडदा ओढला जातो. त्या वैमानिकांना एक नियम ठाऊक असतो. विमान वर चढताना आणि खाली उतरताना हा पडदा उघडा ठेवावा लागतो, कारण अपघाताची शक्यता त्याच वेळी अधिक असते आणि दारापर्यंतची वाट सर्वांना मोकळी हवी. जिवावर बेतण्याची वेळ आली की वर्ग नको, हे विमानशास्त्रालाही मान्य आहे. परधाडेजवळच्या रुळांवर ज्यांच्या जिवावर बेतले, त्यांच्यासाठी हा पडदा कोणी, केव्हा उघडावयाचा, हाच प्रश्न आहे.